परत आलेलं पाकीट: संस्थेची सभासद यादी जिवंत कशी ठेवायची

(परतवाडा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



विषय ऐकून आमच्या घरीच मला विचारलं, "पत्ते अन् फोन नंबर लिहून ठेवा, यावर तासभर काय बोलणार तुम्ही?" मी म्हटलं, माझी नोकरी टपाल खात्यात गेली आणि निवृत्तीनंतरची वर्षं एका छोट्या संस्थेचा सचिव म्हणून जात आहेत. तासभर मला कमीच पडेल. पूर्वी मी लोकांची परत आलेली पाकिटं हाताळायचो, आता माझी स्वतःची परत येतात. गावाचं नावच परतवाडा, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करायची!

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या संस्थेत आहेत. पतसंस्था, वाचनालय, शिक्षण मंडळ, पेन्शनरांची संघटना, गृहनिर्माण संस्था, समाजाचं मंडळ. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी असते. कपाटात एक रजिस्टर असतं, त्यात सभासदांची नावं असतात, आणि त्यातली पानं कोणी उघडून पाहिलेली नसतात. निवडणूक आली, वाद झाला, की मग ते रजिस्टर बाहेर निघतं. तोपर्यंत पाचातला एखादा वारलेला असतो, एखादा पुण्याला मुलाकडे गेलेला असतो, आणि एखाद्याचा नंबर दुसऱ्याच कोणाच्या खिशात वाजत असतो.

आता हा नुसता टापटिपीचा प्रश्न आहे का? मला तसं वाटत नाही. हा हक्काचा प्रश्न आहे. ज्याचा पत्ता चुकला त्याला सभेची नोटीस मिळत नाही. नोटीस मिळाली नाही म्हणून तो येत नाही. तो येत नाही म्हणून आपण म्हणतो, "त्याला संस्थेत रसच नाही." आणि एक दिवस त्याचं मत, त्याचा शेअर, त्याचं म्हणणं, सगळं गेलेलं असतं. कोणी वाईट वागलेलं नसतं बरं का. फक्त एक ओळ जुनी राहिलेली असते.

थोडं कायद्याचं सांगतो, कारण आपल्याकडे कायद्याचं नाव घेतल्याशिवाय रजिस्टर उघडत नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. त्याचं कलम ३८ सांगतं की प्रत्येक संस्थेनं सदस्यांचं रजिस्टर ठेवलंच पाहिजे. त्यात नाव, पत्ता, व्यवसाय, शेअर्स, सदस्य झाल्याची तारीख आणि सदस्यत्व संपल्याची तारीख. यालाच आपण 'आय' रजिस्टर म्हणतो, आणि त्यावरून काढलेल्या यादीला 'जे' यादी. पतसंस्थेत काम केलेल्यांना हे पाठ असतं. गंमत अशी की सदस्य कधी झाला आणि कधी संपला, याचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून कायदा हे रजिस्टरच धरतो. म्हणजे तुम्ही चूक लिहिलंत, तर ते चूक आहे हे सिद्ध करायचं ओझं त्या बिचाऱ्या सभासदावर.

सहकारी संस्थेची वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. आणि निवडणुकीची मतदार यादी याच रजिस्टरवरून निघते. प्रारूप यादी लागते, हरकती घेतात, मग अंतिम यादी. हरकत घ्यायला यादी लागली हे कळायला तर हवं! २०१३ च्या दुरुस्तीनं 'क्रियाशील सदस्य' ही कल्पना आणली तेव्हा त्यात एक अट अशी होती की पाच वर्षांत किमान एका सर्वसाधारण सभेला हजर राहिलं पाहिजे. पुढे या तरतुदींत फेरफार झाले, तो भाग सोडा. मला त्यातलं मर्म सांगायचं आहे. सभेला न येणं ही सभासदाची कसूर धरली गेली. पण बोलावणंच चुकीच्या पत्त्यावर गेलं असेल तर कसूर कोणाची?

दुसरा कायदा आणखी जुना, १८६० चा. सोसायट्यांच्या नोंदणीचा. आपली वाचनालयं, मंडळं, शिक्षण संस्था बहुतेक त्याखाली नोंदवलेल्या असतात, आणि त्याबरोबरच १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली, म्हणजे धर्मादाय कार्यालयात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. धर्मादायकडे जाण्याइतके आपण जागरूक असतो. पण ते झालं विश्वस्तांचं. सामान्य सभासदांच्या पत्त्यांकडे कोणी पाहत नाही.

या १८६० च्या कायद्याचं कलम १२ पाहा. संस्थेचा उद्देश बदलायचा असेल किंवा दुसऱ्या संस्थेत विलीन व्हायचं असेल, तर तो प्रस्ताव सभेच्या दहा दिवस आधी प्रत्येक सदस्याला हाती दिलेला किंवा टपालाने पाठवलेला असला पाहिजे. "प्रत्येक" हा शब्द आहे तिथे. मग सदस्यांच्या तीन पंचमांश मतांनी तो मंजूर व्हायला हवा, आणि एका महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तिथे हजर असलेल्यांच्या तीन पंचमांशांनी पक्का व्हायला हवा. शब्द नीट ऐका. दुसऱ्या सभेला 'हजर सदस्य' म्हटलं आहे, पहिल्या सभेला तसं म्हटलेलं नाही.

आता हिशेब करू. समजा, रजिस्टरवर २०० नावं आहेत. तीन पंचमांश म्हणजे १२०. त्यातले ४५ वारले आहेत पण नोंद नाही. ५० जणांचा पत्ताच लागत नाही. राहिले १०५. हे सगळेच्या सगळे आले, सगळ्यांनी हात वर केले, तरी १२० होत नाहीत. मेलेला माणूस कायद्याने सभासद राहत नाही, हे मलाही कळतं. पण तो गेला हे तुमच्या कागदावर दिसलं पाहिजे ना? कागदावर नसेल तर विरोधातला एक जण उठून म्हणेल, "तुमचे सभासद दोनशे, दाखवा एकशेवीस." मेलेला सभासद मत देत नाही, पण मोजला जातो. आणि जिवंत असून पत्ता हरवलेला तोही मोजला जातो, फक्त त्याला विचारलं जात नाही.

हां, त्याच कायद्याचं कलम १५ सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत नाही आणि त्याला सदस्य म्हणून मोजायचंही नाही. काही कार्यकर्ते याचाच आधार घेतात. "वर्गणी नाही आली, गेला बाद." पण वर्गणीची आठवण कुठे पाठवली होती? जुन्याच पत्त्यावर. आणि आजीव सभासदांचं काय? त्यांची वर्गणी एकदाच भरलेली असते, ती थकतच नाही. आपल्या भागातल्या जुन्या संस्थांत आजीव सभासदच भरपूर.

आता पत्ता म्हणजे काय ते सांगतो. हा माझ्या नोकरीचा विषय, तेव्हा थोडा लांबेल.

१८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टमध्ये, कलम २७ मध्ये, टपालाने नोटीस बजावली असं कधी धरायचं हे सांगितलं आहे. पत्ता बरोबर लिहिलेला हवा, टपालखर्च भरलेला हवा, आणि रजिस्टर्ड पोस्टाने टाकलेलं हवं. पहिली अट पत्त्याची. म्हणून "आम्ही पाठवलं होतं, पावती आहे" एवढ्यानं भागत नाही. पूर्वी संस्था यू.पी.सी. करायच्या, आठवतं का? पोस्टात यादी द्यायची, शिक्का मारून घ्यायचा, स्वस्तात काम. ते २०११ मध्ये बंद झालं. रजिस्टर्ड पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. कित्येक संस्थांच्या घटनेत अजून "यू.पी.सी.ने नोटीस द्यावी" असंच आहे. ज्यांच्या घटनेत आहे त्यांनी ती दुरुस्त करा. आणि दुरुस्त करायला पुन्हा सभा, पुन्हा नोटीस, पुन्हा पत्ते!

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर. मराठी माणूस, संस्कृतमध्ये नाटकं-काव्यं लिहिणारा, आणि टपाल खात्यातला मोठा अधिकारी. सारख्या नावाची गावं, सतरा भाषांतली अक्षरं, यातून सहा आकड्यांनी वाट काढली त्यांनी. पहिले तीन आकडे पत्र कुठल्या छाटणी जिल्ह्यात जायचं ते सांगतात, शेवटचे तीन वाटपाचं पोस्ट ऑफिस सांगतात. आपल्याकडचंच पाहा. परतवाडा ४४४८०५, अचलपूर शहर ४४४८०६. नगर परिषद एकच, माणसं दिवसातून चारदा इकडून तिकडे जातात, पण पोस्टाला ती दोन ठिकाणं आहेत. आणि आपले लोक पत्ता काय लिहितात? "मु. पो. अचलपूर." आता हे अचलपूर शहर, की अचलपूर कॅम्प म्हणजे आपला परतवाडा, की अचलपूर तालुक्यातलं एखादं खेडं? नोकरीत मी हे रोज पाहिलं आहे.

म्हणून रजिस्टरमध्ये पत्ता लिहिताना गाव, पिनकोड आणि खूण तिन्ही लिहा. आपल्याकडे घरनंबर पोस्टमनलाही ठाऊक नसतो. "हनुमान मंदिराच्या मागं, पिठाच्या गिरणीजवळ" हाच खरा पत्ता. भाड्याचं घर असेल तर तसं लिहा, कारण तो पत्ता लवकर शिळा होतो. इथे गिरणी बंद पडली, फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीपासून थांबली, तेव्हा किती जणांचे पत्ते बदलले असतील! आई-वडील इथे राहिले, पोरं बाहेर गेली, काही कुटुंबं सगळीच गेली.

पण एक रकाना असा आहे जो शंभरातल्या नव्वद रजिस्टरांत नसतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. "हा पत्ता शेवटचा कधी तपासला, आणि कोणी सांगितला." नुसता पत्ता म्हणजे अर्धी माहिती. १९९४ चा पत्ता आणि गेल्या पोळ्याला विचारून घेतलेला पत्ता, रजिस्टरात दोन्ही सारखेच दिसतात. तारीख लिहिली की कुठल्या नावाकडे आधी जायचं ते आपोआप कळतं. एवढा एक रकाना आखला तरी माझं आजचं येणं सार्थकी लागलं.

आता तुम्हाला आमच्या संस्थेची गोष्ट सांगतो. संस्थेचं नाव सांगत नाही, पण चूक आमचीच होती.

आमचे एक जुने आजीव सभासद. शाळेत शिक्षक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. अचलपूर शहराच्या बाजूला भाड्याने राहायचे. एका वर्षी त्यांचं नोटिशीचं पाकीट 'लेफ्ट' असा शेरा घेऊन परत आलं. शेरा बरोबर होता. घर त्यांनी सोडलंच होतं. आम्ही ते पाकीट एका पिशवीत टाकलं. त्या वर्षीच्या सभेत मी अनुपस्थितांची नावं वाचत होतो, तर मागून कोणी तरी म्हणालं, "ते त वारले ना बाप्पा, मागच्या सालीच." दोघा-तिघांनी मान हलवली. झालं! मी लाल शाईनं नावापुढे 'मयत' लिहिलं. त्याच सभेत दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहिली. चार शब्दही मीच बोललो. चांगले बोललो होतो, असं लोक म्हणाले.

चार वर्षांनी गुरुजी दारात उभे. हातात आमचंच एक पुस्तक, परत करायला आणलेलं. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. ते खुर्चीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मले श्रद्धांजली वाह्यली म्हणे तुमी. भाषण कोणं केलं?"

मी म्हटलं, "गुरुजी, मीच केलं."

"मंग त चांगलंच केलं असंल," म्हणाले.

वारले होते ते त्यांचे मोठे भाऊ. नावाचं पहिलं अक्षर तेच, आडनाव तेच. गुरुजी दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे राहत होते. चार वर्षं. रोज सकाळी आमच्या दारावरून फिरायला जायचे. मी विचारलं, "मग एकदा आत का नाही आलात?" तर म्हणाले, "नोटीस येनं बंद झाली. मले वाटलं, आता म्हाताऱ्यायची गरज नाही राह्यली तुमाले."

त्या चार वर्षांत आम्ही संस्थेची मागची जागा भाड्याने दिली होती. ती जागा गुरुजींनी लोकांकडून वर्गणी गोळा करून मिळवली होती. ते सभेत असते तर बोलले असते. कदाचित हरले असते, पण बोलले असते. मला ते आजही टोचतं.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. त्या सांगतो, क्रम काही नाही.

परत आलेलं पाकीट फेकायचं नाही. त्यावरचा शेरा वाचायचा. 'लेफ्ट' म्हणजे माणूस तिथून गेला. 'डोअर लॉक्ड' म्हणजे कदाचित शेतावर गेला असेल, पुन्हा पाठवा. 'इनसफिशियंट अॅड्रेस' म्हणजे चूक तुमची. 'रिफ्यूज्ड' म्हणजे माणूस आहे आणि रागावला आहे, तेव्हा पोस्टमनऐवजी अध्यक्षांनी जावं. पाकीट ज्या दिवशी परत आलं त्याच दिवशी रजिस्टरला पेन्सिलने खूण करायची आणि पाकीट न फोडता फाईलला लावायचं. तुम्ही पाठवलं होतं याचा तो पुरावा. आणि कृपा करून पाकिटावर संस्थेचा पत्ता लिहा. पाठवणाऱ्याचा पत्ता नसलेलं पत्र रिटर्न्ड लेटर ऑफिसात जातं, आणि तुम्ही समजता की ते पोचलं.

ऐकीव बातमीवर 'मयत' लिहायचं नाही. घरी जायचं. आणि गेल्यावर दारातूनच "वारले का हो?" असं विचारायचं नाही. बसायचं, चहा घ्यायचा, माणसं आपणहून सांगतात. दाखल्याची झेरॉक्स मिळाली तर उत्तम, नाही तर घरच्या माणसाची सही आणि तारीख. सहकारी संस्था असेल तर त्याच वेळी वारसाचं किंवा नामनिर्देशित व्यक्तीचं नाव-नंबर विचारून घ्या. कलम ३० प्रमाणे शेअर त्यांच्याकडे जायचा असतो. पुष्कळदा घरच्यांना शेअर आहे हेच माहीत नसतं. ज्या बाईच्या नवऱ्यानं पतसंस्थेत पैसे ठेवले आणि घरी कधी सांगितलं नाही, तिच्यापर्यंत दुसरं कोण पोचणार?

रजिस्टरमध्ये खाडाखोड नाही, व्हाइटनर तर अजिबात नाही. जुन्या पत्त्यावर एक सरळ रेघ, शेजारी नवा पत्ता, तारीख, सही. जुनाही वाचता आला पाहिजे. सभासद क्रमांक एकदा दिला की दिला, माणूस गेला तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे तीन-तीन देशमुख असतात, तिथे क्रमांकच ओळख पटवतो.

तपासणी कधी करायची? लोक म्हणतात एप्रिलमध्ये, नवीन वर्ष सुरू होतं म्हणून. मी म्हणतो, महालक्ष्म्यांच्या दिवसांत करा. आपल्या वऱ्हाडात महालक्ष्म्यांना पुण्या-मुंबईची, नागपूरची मंडळी घरी येतात. सगळे भाऊ एका पंगतीला बसतात. एका घरात गेलं की चार सभासदांचे पत्ते मिळतात, वरून आंबील मिळते. आणि वार्षिक सभाही त्याच सुमारास असते. यादीचे मोहल्ल्याप्रमाणे भाग पाडा, एका कार्यकर्त्याला पंधरा-वीस नावं. दीडशे नावं एकट्या सचिवाला दिली तर तो फोन करून "लागत नाही" असं लिहील आणि मोकळा होईल. मीही तेच करायचो.

बाहेरगावच्यांना पाकिटात पन्नास पैशांचं पोस्टकार्ड घालून पाठवा, आपला पत्ता लिहिलेलं. त्यावर त्यांनी फक्त नवा पत्ता आणि नंबर लिहायचा. हसू नका. जुनी माणसं कार्ड टाकतात, फॉर्मची लिंक उघडत नाहीत.

आता फोनकडे येतो. "आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, सगळे त्यात आहेत" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. ग्रुप म्हणजे रजिस्टर नव्हे. ग्रुपमध्ये नंबर असतो, सभासद असतोच असं नाही. सुनेचा नंबर असतो, नातवाचा असतो. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते, असं ट्रायनं सर्वोच्च न्यायालयातच सांगितलं आहे. म्हणजे तुम्ही सभासदाच्या थकबाकीचा मेसेज टाकता आणि तो वाचतो भलताच कोणी. म्हणून दोन नंबर घ्या, एक स्वतःचा आणि एक घरातल्या दुसऱ्याचा, नातं लिहून. वर्षातून एकदा त्यावर प्रत्यक्ष बोला. कॉम्प्युटरवर यादी करत असाल तर नंबराचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा, नाही तर सुरुवातीचं शून्य उडतं आणि जुने लँडलाइन नंबर मोडतात.

आणि ही यादी सचिवाच्या मोबाईलमध्ये राहू नये. सचिव बदलला, रुसला, मोबाईल पाण्यात पडला, की संस्था आंधळी. छापील प्रत कपाटात, दुसरी खजिनदाराकडे.

बायकांच्या बाबतीत आपण फार चुकतो. महिला सभासद असेल तरी नंबर नवऱ्याचा लिहितो. लग्न झालं की मुलीचं नाव बदलतं, पत्ता बदलतो, आणि संस्थेला वाटतं की ती 'गेली'. वाचनालयाच्या जुन्या रजिस्टरात माहेरच्या नावानं अडकलेल्या कितीतरी बाया आहेत. नंबर तिलाच विचारा. ती म्हणाली की यांचाच लिहा, तर तो लिहा. पण विचारा आधी.

एक बाजू गुप्ततेची. निवडणूक आली की उमेदवार फोन नंबरांसकट यादी मागतो आणि आपण देऊन टाकतो. मतदार यादी नियमाप्रमाणे प्रसिद्ध होते ती वेगळी. नंबर सभासदानं संस्थेला दिलेले असतात, उमेदवाराला नाही. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले, ते टप्प्याटप्प्यानं लागू होतील. त्यात आपली माहिती दुरुस्त करून घ्यायचा, अद्ययावत करून घ्यायचा हक्क माणसाला दिला आहे. मोठ्या कंपन्यांसाठी आहे तो, असं समजून बसू नका. कॉम्प्युटरवर यादी चढवली की आपणही त्यात येतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि यावर माझं मत जरा कडक आहे.

आपल्या अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघाची निवडणूक ३० जानेवारी २०२३ ला झाली. त्याची यादी कशी होते माहीत आहे ना? जुनी यादी पुढे चालवत नाहीत. दर निवडणुकीला नव्यानं करतात. तुम्ही मागच्या वेळी मत दिलं असेल तरी पुन्हा नमुना १८ भरायचा. नाही भरला तर नाव नाही. त्यामुळे यादी ताजी राहते, हे खरं. काही संस्थांना हा मार्ग फार आवडला. त्या काय करतात, एक परिपत्रक काढतात: "अमुक तारखेपर्यंत माहितीचा फॉर्म भरून द्या, अन्यथा नाव कमी करण्यात येईल." आणि ते परिपत्रक पाठवतात कुठे? जुन्याच पत्त्यावर!

मला हे चूक वाटतं. पदवीधराला मताचा हक्क त्याच्या पदवीनं मिळतो, तो पुढच्या वेळी पुन्हा अर्ज करू शकतो. तुमच्या सभासदानं पैसे भरले आहेत, घटनेखाली आला आहे. तो फॉर्म भरेना म्हणून त्याचं सदस्यत्व जात नाही. ज्यांना शोधायचं आहे त्यांनाच "तुम्ही या, आम्हाला सापडा" म्हणायचं, हा कुठला न्याय? शोधण्याचं काम संस्थेचं. सापडला नाही तर 'संपर्क तुटलेले' अशी वेगळी यादी करा, दर वार्षिक सभेत ती मोठ्यानं वाचा. दहा नावं वाचली की दोन-तीन तरी लागतात. फक्त मागून कोणी "वारले" म्हणालं, तर लाल पेन लगेच उचलू नका! नाव काढायचंच असेल तर घटनेत लिहिलेल्या रीतीनं, ठराव करून.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्न (एक भगिनी): आमचा बचत गट आहे. दहाच बाया, सगळ्या एकाच गल्लीतल्या. आम्हाला या रजिस्टरचं काय काम?

ताई, दहा जणींना पत्त्याची गरज नाही, खरं आहे. पण तुमचं बँकेत खातं आहे ना? त्याला कोणाचा मोबाईल जोडला आहे? ज्या अध्यक्ष होत्या त्या लग्नाकार्यानंतर दुसऱ्या गावी गेल्या आणि खात्याचे मेसेज अजून त्यांच्याच फोनवर जातात, असं मी पाहिलं आहे. पदाधिकारी बदलल्या की त्याच आठवड्यात बँकेत जाऊन नंबर बदला. तुमच्यापुरतं एवढंच रजिस्टर.

प्रश्न: काही सभासद मुद्दाम नंबर देत नाहीत. म्हणतात, तुम्ही वर्गणीसाठी फोन करता.

करतोच की! मग त्यांना पत्ता मागा, तो पुरे. नंबर देणं सक्तीचं नाही. "फोन नको, टपालाने कळवावे" असं रजिस्टरात लिहा आणि ते पाळा. एकदा वर्गणीसाठी फोन केलात की पुढच्या वेळी तो पत्ताही देणार नाही.

प्रश्न: गुरुजींच्या नावापुढच्या त्या 'मयत' शेऱ्याचं पुढे काय केलं?

आधी तर मी पान बदलायला निघालो होतो, खरं सांगतो. लाज वाटत होती. गुरुजीच म्हणाले, "पान फाडू नको, मास्तरच्या पोरानं असं करू नये." माझे वडीलही शिक्षक होते. मग लाल अक्षरांवर एक रेघ मारली, शेजारी "चुकीची नोंद, सदस्य हयात" असं लिहिलं, तारीख टाकली, मी सही केली. गुरुजींनी माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि मुलीच्या घरचा पत्ता आपल्या हातानं लिहिला, पिठाच्या गिरणीच्या खुणेसकट. पिनकोड विसरले होते, तो मी घातला.